फ्रँचायझी कंपनीचे घरचे सॉफ्टवेअर : खर्च की मालमत्ता?

फ्रँचायझी व्यवसायात दुकान एकाचे असते आणि ते चालवण्याची रीत दुसऱ्याची. जागा, भाडे, फर्निचर, नोकर आणि रोजचा गल्ला केंद्रचालकाकडे. नाव, पाककृती किंवा अभ्यासक्रम, मालाचा दर्जा आणि हिशेबाची शिस्त मूळ कंपनीकडे. ही शिस्त पूर्वी छापील नियमपुस्तिकेतून यायची. आता ती सॉफ्टवेअरमधून येते. बिल कंपनीच्या प्रणालीतून निघते, मालाची मागणी तिच्यातूनच जाते, विद्यार्थ्याची नोंदणी आणि परीक्षा तिच्यावरच होते, आणि महिनाअखेर किती रॉयल्टी देणे लागते तेही तीच सांगते. व्यवसायाचा गाभाच तिच्यात असल्याने अनेक फ्रँचायझी कंपन्या बाजारातले तयार सॉफ्टवेअर न घेता स्वतःचे अभियंते नेमून ते घरीच घडवतात. त्यावर झालेला कोट्यवधींचा खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून एकदम वजा करायचा, की मालमत्ता म्हणून ताळेबंदात ठेवून काही वर्षांत हळूहळू उतरवायचा? कंपनीचा नफा, तिच्या शेअरचा भाव आणि काही अंशी तिचा करही या निर्णयावर ठरतो. आणि त्याच सॉफ्टवेअरपोटी गावोगावच्या केंद्रचालकाकडून तंत्रज्ञान शुल्क वसूल होत असते.

श्रीरामपूर हे अहिल्यानगर जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण, दौंड–मनमाड लोहमार्गावरची आणि आसपासच्या ऊसपट्ट्याची जुनी बाजारपेठ. अशा गावात या व्यवस्थेचे सर्वांत ओळखीचे रूप म्हणजे एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाचे केंद्र. हा अभ्यासक्रम चालवणारी महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड म्हणजे एमकेसीएल ही कंपनी राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय पुण्यात. तिने तालुक्या-तालुक्यांत अधिकृत अध्ययन केंद्रांचे जाळे उभे केले. श्रीरामपुरातही अशी केंद्रे आहेत. राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी संगणक अर्हतेचे प्रमाणपत्र लागते, म्हणून ही केंद्रे गावोगाव टिकली. कागदोपत्री या केंद्रांना फ्रँचायझी म्हणत नाहीत. रचना मात्र तिच्या अगदी जवळची आहे : वर्ग, संगणक आणि शिक्षक केंद्रचालकाचे; अभ्यासक्रम, नोंदणी आणि शिकवण्याची ई-लर्निंग प्रणाली एमकेसीएलची. सॉफ्टवेअर काढून घेतले तर केंद्रात टेबल-खुर्च्या आणि संगणक तेवढे उरतील. म्हणूनच अशा कंपनीच्या हिशेबात सॉफ्टवेअरच्या खर्चाला किरकोळ कार्यालयीन खर्चाच्या रांगेत बसवून चालत नाही.

लेखाशास्त्राचा पाया साधा आहे. ज्या खर्चाचा लाभ त्याच वर्षी संपतो तो महसुली खर्च. तो नफा-तोटा पत्रकात जातो. ज्याचा लाभ पुढची काही वर्षे मिळत राहतो तो भांडवली खर्च. तो मालमत्ता म्हणून ताळेबंदात जातो आणि दरवर्षी थोडाथोडा उतरतो. डाळिंबाची बाग लावणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. खड्डे, रोपे, ठिबक आणि बाग धरेपर्यंतची मजुरी हा बागेत घातलेला पैसा. बहार सुरू झाल्यावरची फवारणी आणि तोडणी हा त्या त्या हंगामाचा खर्च. लेखा मानकेही फळझाडांकडे याच नजरेने पाहतात. सॉफ्टवेअरची अडचण अशी की ते डोळ्यांना दिसत नाही, त्याचा बाजारभाव नसतो, आणि ते घडवणारे अभियंते त्याच खुर्चीवर बसून सकाळी नवे काम करतात आणि दुपारी जुने दुरुस्त करतात. दोन्हींचा पगार एकाच पाकिटात येतो.

भारतात या प्रश्नासाठी दोन मानके आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, तसेच नोंदणी नसली तरी ज्यांचे निव्वळ मूल्य २५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे अशा कंपन्या ‘इंड एएस ३८’ पाळतात. इंड एएसची ही व्यवस्था १ एप्रिल २०१६ पासून ५०० कोटींवरच्या कंपन्यांना आणि १ एप्रिल २०१७ पासून बाकीच्यांना लागू झाली. उरलेल्या लहान कंपन्यांसाठी जुने ‘एएस २६’ आहे. पुण्या-मुंबईत सुरू होऊन जिल्ह्या-जिल्ह्यांत फ्रँचायझी वाटणाऱ्या चहाच्या, नाश्त्याच्या किंवा शिकवण्यांच्या अनेक खासगी कंपन्या या दुसऱ्या मानकाच्या कक्षेत येतात. दोन्हींचा गाभा सारखाच आहे. ठळक फरक आयुर्मानाचा : एएस २६ अमूर्त मालमत्तेचे आयुष्य सहसा १० वर्षांपेक्षा जास्त नसते असे गृहीत धरते, तर इंड एएस ३८ अशी मर्यादा घालत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा फरक फारसा जाणवत नाही, कारण १० वर्षे तग धरणारे दुकानी सॉफ्टवेअर विरळाच.

दोन्ही मानके घरी घडणाऱ्या कामाचे दोन टप्पे करतात : संशोधन आणि विकास. संशोधन म्हणजे शोधाशोध. आपल्याला नेमके काय हवे, बाजारात काय मिळते, कोणते तंत्रज्ञान घ्यावे, ते जमेल का, याचा विचार. या टप्प्यावरचा प्रत्येक रुपया त्याच वर्षी खर्ची पडतो, मग त्यातून पुढे कितीही यशस्वी प्रणाली निघो. विकास म्हणजे ठरलेल्या गोष्टीची आखणी, कोड लिहिणे आणि चाचणी. हा खर्च मालमत्ता होऊ शकतो, पण सहा गोष्टी दाखवता आल्या तरच. काम तांत्रिकदृष्ट्या पुरे होण्याजोगे असावे. ते पुरे करण्याचा कंपनीचा इरादा असावा. पुरे झाल्यावर वापरण्याची किंवा विकण्याची क्षमता असावी. त्यातून लाभ कसा येणार हे सांगता यावे. काम तडीस नेण्याइतके पैसे आणि माणसे असावीत. आणि झालेला खर्च विश्वासार्हपणे मोजता यावा.

कागदावर या सहा अटी सारख्याच वजनाच्या दिसतात. प्रत्यक्षात हिशेब तपासनीस अडतो तो पहिल्या आणि शेवटच्या अटीवर. इराद्यासाठी संचालक मंडळाचा ठराव दाखवता येतो, पैशासाठी अंदाजपत्रक. पण अमुक तारखेपासून काम जमणार हे निश्चित झाले, असे म्हणायला कसला पुरावा? बहुतेक सुव्यवस्थित कंपन्या त्यासाठी एक नमुना आधी तयार करतात, तो दोन-चार केंद्रांत चालवून पाहतात, त्याचा अहवाल तारखेसह मंजूर करून घेतात, आणि ती तारीख संशोधन व विकास यांच्यातली सीमारेषा मानतात. तारीख महत्त्वाची असण्याचे कारण मानकातच आहे. एकदा खर्ची टाकलेली रक्कम पुढे प्रकल्प यशस्वी झाला म्हणून मालमत्तेत परत आणता येत नाही. आणि कोणता खर्च कोणत्या टप्प्याचा हे वेगळे करता येत नसेल, तर सगळा खर्च संशोधनाचा मानावा लागतो. शंकेचा फायदा इथे ताळेबंदाला मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

मोजणीची अट तर पूर्णपणे कंपनीच्या शिस्तीवर उभी आहे. घरच्या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे पगार. एखाद्या अभियंत्याने आठ तासांपैकी पाच तास नव्या मागणी-नोंद प्रणालीवर घालवले, दोन तास जुन्या बिलिंगमधली चूक शोधण्यात आणि एक तास बैठकीत, तर त्याच्या पगारातले पाच-अष्टमांशच नव्या मालमत्तेत जाऊ शकतात. हे सांगायला रोजची वेळनोंद लागते. वर्षअखेरीला विभागप्रमुखाने आठवून ‘साठ टक्के काम नवे होते’ असे लिहून देणे म्हणजे मोजणी नव्हे. फ्रँचायझी कंपन्यांत हा दोष सहज शिरतो, कारण केंद्रांच्या तक्रारी रोज येतात आणि नवे घडवणारी माणसेच त्या निस्तरतात. श्रीरामपूरच्या केंद्रावर परीक्षेच्या दिवशी लॉगिन अडले तर पुण्यातला अभियंता हातातले काम टाकून तिकडे वळतो. तो वेळ देखभालीचा आहे आणि तो खर्चातच गेला पाहिजे.

मालमत्तेच्या किमतीत काय धरायचे याचे नियमही कडक आहेत. थेट त्या कामावरच्या माणसांचा पगार, भविष्यनिर्वाह निधीसारख्या जोडखर्चासह; बाहेरून घेतलेल्या कंत्राटी प्रोग्रामरचे बिल; चाचणीसाठी भाड्याने घेतलेले सर्व्हर; हे धरता येते. काम दीर्घकाळ चालणारे असेल आणि त्यासाठी कर्ज काढले असेल तर त्या काळातले व्याजही. मुख्यालयाचे भाडे, मनुष्यबळ विभाग, विक्री व जाहिरात, सुरुवातीच्या काळातला तोटा आणि वापरणाऱ्यांचे प्रशिक्षण, हे काहीही धरता येत नाही. प्रशिक्षणाचा मुद्दा फ्रँचायझी कंपन्यांना झोंबतो. शेकडो केंद्रांतल्या माणसांना नवी प्रणाली शिकवायला कधी कधी ती लिहिण्याइतके श्रम पडतात. पण शिकलेला माणूस कंपनीच्या ताब्यात नसतो. फ्रँचायझीत तर तो कंपनीचा नोकरही नसतो. ज्यावर ताबा नाही ती मालमत्ता नाही.

आकड्यांत पाहू. समजा, ४०० केंद्रे असलेल्या एका कंपनीने स्वतःची बिलिंग आणि मालसाठ्याची प्रणाली घडवली. चाचपणीत ३० लाख रुपये गेले. सीमारेषेनंतर अभियंत्यांच्या पगारावर २ कोटी ४० लाख, कंत्राटदारांवर ४५ लाख आणि चाचणीच्या सर्व्हरवर १५ लाख, असे ३ कोटी लागले. केंद्रांच्या प्रशिक्षणावर ३५ लाख गेले, आणि मुख्यालयाच्या सर्वसाधारण खर्चातला वाटा ४० लाख धरला गेला. एकूण ४ कोटी ५ लाख. मानकाप्रमाणे ३ कोटी मालमत्ता होतील आणि १ कोटी ५ लाख त्या वर्षी खर्ची पडतील. प्रणाली पुढच्या १ एप्रिलला सुरू झाली आणि तिचे आयुष्य ५ वर्षे धरले, तर त्या वर्षापासून दरवर्षी ६० लाख नफ्यातून उतरतील. अमूर्त मालमत्तेवरच्या या घसाऱ्याला लेखापाल अमॉर्टायझेशन म्हणतात. सगळी रक्कम पहिल्याच वर्षी खर्ची टाकली असती तर त्या वर्षीचा करपूर्व नफा ३ कोटींनी कमी दिसला असता आणि पुढची ५ वर्षे दरवर्षी ६० लाखांनी जास्त. सहा वर्षांची बेरीज दोन्हीकडे एकच येते. बदलतो तो नफ्याचा काळ.

आणि काळ बदलला की लोकांचे निर्णय बदलतात. व्याज, कर आणि घसाऱ्यापूर्वीचा नफा हा बाजाराचा लाडका आकडा आहे. मालमत्तेत गेलेला पगार त्या आकड्याला कधीच शिवत नाही, ना पहिल्या वर्षी ना पुढे. रोख प्रवाह पत्रकातही तो व्यवसायाच्या रकान्यातून उठून गुंतवणुकीच्या रकान्यात जाऊन बसतो. म्हणून एखाद्या कंपनीचा नफा वाढला आणि त्याच वर्षी तिच्या ताळेबंदातले ‘विकसनाधीन अमूर्त मालमत्ता’ हे कलमही फुगले, तर दोन्हींचा संबंध तपासावा. अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने २००२ मध्ये कबूल केले की तिने सुमारे ३.८ अब्ज डॉलरचा चालू खर्च मालमत्ता म्हणून दाखवला होता. ते सॉफ्टवेअर नव्हते, दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरण्याचे भाडे होते. पण खर्चाला मालमत्तेचे नाव दिले की नफा कसा उभा राहतो, हे त्या प्रकरणाने जगाला दाखवले.

भारतात या कलमावर नजर ठेवणे २०२१ पासून सोपे झाले आहे. त्या वर्षी मार्चमध्ये कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनमध्ये दुरुस्ती झाली. विकसनाधीन अमूर्त मालमत्तेतली रक्कम किती जुनी आहे, म्हणजे एक वर्षाच्या आतली, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून जुनी, हा तक्ता कंपनीला आता द्यावा लागतो. मुदत किंवा अंदाजपत्रक ओलांडलेले प्रकल्प असतील तर ते कधी पुरे होणार हेही सांगावे लागते. तीन वर्षे ‘घडत असलेले’ सॉफ्टवेअर बहुधा घडत नसते. अशा अपुऱ्या मालमत्तेची वसुलीयोग्य किंमत दरवर्षी तपासणे मानकांनी बंधनकारकच केले आहे, आणि प्रकल्प गुंडाळला की शिल्लक सगळी रक्कम एका वर्षात नफ्यातून जाते.

या नियमांचा आणि आजच्या कामाच्या पद्धतीचा मेळ मात्र नीट बसत नाही, हेही नोंदवायला हवे. मानके लिहिली गेली तेव्हा सॉफ्टवेअर इमारतीसारखे घडे : आधी आराखडा, मग बांधकाम, मग ताबा. आता दर दोन आठवड्यांनी थोडे नवे, थोडे दुरुस्त असे ते कायम वाढत असते. मग मालमत्ता पुरी कधी झाली आणि देखभाल कधी सुरू झाली? भारतीय मानक म्हणते की पुढचा खर्च क्वचितच मालमत्तेत घालता येतो. व्यवहारात कसोटी अशी लावतात : प्रणाली आधी करत नव्हती असे काही नवे काम करू लागली तर तो नवा भाग मालमत्ता, जुनेच काम अधिक बिनचूक किंवा वेगाने होऊ लागले तर ती देखभाल. ग्राहकाला घरपोच मागणीची सोय पहिल्यांदा मिळाली, तर पहिला प्रकार. जीएसटीचा दर बदलला म्हणून बिलाचा नमुना बदलला, तर दुसरा. अमेरिकेत हीच अडचण ओळखून तिथल्या वित्तीय लेखा मानक मंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अंतर्गत वापराच्या सॉफ्टवेअरसाठीचा टप्प्यांचा जुना साचा काढून टाकला. तो साचा १९९८ पासून चालत आला होता : प्राथमिक टप्पा, बांधणीचा टप्पा, वापराचा टप्पा. नव्या नियमात व्यवस्थापनाने प्रकल्पाला मंजुरी आणि पैसा दिलेला असणे आणि तो पुरा होण्याची दाट शक्यता असणे, या कसोट्या पुढे आल्या आहेत. १५ डिसेंबर २०२७ नंतर सुरू होणाऱ्या वर्षांपासून तो सक्तीचा आहे.

इथवरचे सगळे कोणत्याही कंपनीला लागू पडते. फ्रँचायझीमुळे प्रश्नाला जो वेगळा पीळ बसतो तो असा : सॉफ्टवेअर घडवते एक आणि वापरतो दुसरा. ते कंपनीच्या अंतर्गत वापराचे म्हणायचे, की केंद्रचालकाला विकलेली वस्तू?

अमेरिकेत या दोन प्रकारांना दोन वेगळे नियम आहेत. विकण्यासाठी घडवलेल्या सॉफ्टवेअरचा नियम १९८५ चा आणि अधिक कडक. तांत्रिक शक्यता सिद्ध होईपर्यंतचा सगळा खर्च तिथे खर्ची पडतो, आणि ती सिद्ध होते तेव्हा काम जवळजवळ संपलेले असते. त्यामुळे फ्रँचायझी कंपनी कोणत्या दारातून आत जाते याला महत्त्व येते. केंद्रचालकाला सॉफ्टवेअरची प्रत स्वतःच्या यंत्रावर घेऊन स्वतंत्रपणे चालवण्याचा हक्क करारानेच असेल, आणि तसे करणे त्याला परवडण्याजोगे व शक्य असेल, तर ते विक्रीचे सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवरच राहते आणि केंद्रचालकाला फक्त लॉगिन मिळते, तेव्हा ते कंपनीच्या स्वतःच्या वापराचे धरतात. आज बहुतेक सगळे दुसऱ्या प्रकारात मोडते. भारतीय मानकात अशी दोन दारे नाहीत. वापरासाठी असो वा विकण्यासाठी, सहा अटी त्याच. फक्त लाभ कसा येणार या अटीचे उत्तर वेगळे द्यावे लागते. विकायचे असेल तर बाजार दाखवायचा, वापरायचे असेल तर उपयुक्तता.

फ्रँचायझी कंपनीकडे या उपयुक्ततेचा पुरावा बहुधा भक्कम असतो, कारण केंद्रचालक त्यासाठी पैसे मोजतो. डॉमिनोज या अमेरिकन पिझ्झा कंपनीने ‘पल्स’ नावाची विक्रीनोंद प्रणाली स्वतः घडवली. अमेरिकेतल्या तिच्या फ्रँचायझी दुकानांत तीच चालते, आणि दर ऑनलाइन मागणीमागे कंपनी दुकानदाराकडून ठरावीक तंत्रज्ञान शुल्क घेते. तिच्या ताळेबंदात भांडवली सॉफ्टवेअरची स्वतंत्र ओळ असते. मॅकडोनाल्ड्सही तंत्रज्ञानावरचा काही खर्च फ्रँचायझीधारकांकडून वसूल करते आणि ती रक्कम ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवते. इथे एक बारकावा आहे. शुल्क दरमहा मिळते म्हणून घडणीचा खर्च त्यातून थेट वजा करून टाकता येत नाही. मालमत्ता आपल्या जागी, उत्पन्न आपल्या जागी. उत्पन्न ओळखण्याचा नियमही वेगळा आहे : भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू असलेले इंड एएस ११५. केंद्र उघडताना एकरकमी घेतलेले शुल्क, त्याच्या बदल्यात वेगळी अशी सेवा दिलेली नसेल तर, कराराच्या सगळ्या वर्षांत वाटावे लागते. विक्रीवर आधारलेली रॉयल्टी विक्री होईल तशी मोजायची.

महाराष्ट्रात मॅकडोनाल्ड्सची दुकाने वेस्टलाइफ फूडवर्ल्ड या मुंबईच्या कंपनीची उपकंपनी हार्डकॅसल रेस्टॉरंट्स चालवते. ती मूळ कंपनी नाही आणि साधी केंद्रचालकही नाही. पश्चिम आणि दक्षिण भारतासाठीची प्रमुख फ्रँचायझीधारक आहे. अशा मधल्या कंपनीच्या हिशेबात तीन गोष्टी शेजारीशेजारी येतात. नाव वापरण्याच्या हक्कासाठी सुरुवातीला दिलेले शुल्क ही विकत घेतलेली अमूर्त मालमत्ता आहे. ती कराराच्या मुदतीत उतरते. विक्रीच्या टक्केवारीने द्यायची रॉयल्टी हा चालू खर्च. आणि स्वतःच्या दुकानांसाठी घडवून घेतलेले सॉफ्टवेअर सहा अटींच्या कसोटीवर. तिन्ही खर्च फ्रँचायझीमुळेच होतात, पण ताळेबंदात तिघांचे स्थान वेगळे.

ब्रँड आणि सॉफ्टवेअर यांना मिळणाऱ्या वागणुकीतला फरक इथे समजून घेण्यासारखा आहे, आणि त्याचे उदाहरण श्रीरामपूर तालुक्यातच सापडते. टिळकनगर इंडस्ट्रीज ही शेअर बाजारात नोंदलेली मद्यकंपनी १९३३ मध्ये महाराष्ट्र शुगर मिल्स म्हणून स्थापन झाली. तिचे नोंदणीकृत कार्यालय आजही टिळकनगरला आहे. २०२५ मध्ये तिने पेर्नो रिकार्ड इंडियाकडून ‘इम्पिरियल ब्लू’ व्हिस्कीचा व्यवसाय सुमारे ४,१५० कोटी रुपये मूल्याला घेण्याचा करार केला. असा विकत घेतलेला ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून येतो. पण एखाद्या कंपनीने पन्नास वर्षे खपून स्वतः वाढवलेले नाव, त्यावर जाहिरातीचे कितीही कोटी गेले असले तरी, मालमत्ता म्हणून दाखवायला इंड एएस ३८ ने सरळ मनाई केली आहे. कारण असे की नाव वाढवण्याचा खर्च एकूण धंदा वाढवण्याच्या खर्चापासून वेगळा काढता येत नाही. घरच्या सॉफ्टवेअरला तेच मानक दार उघडे ठेवते, कारण त्याचे तास मोजता येतात. म्हणूनच फ्रँचायझी कंपनीचे सर्वांत मौल्यवान धन, म्हणजे तिचे नाव, तिच्या ताळेबंदात शून्य असू शकते आणि तिचे बिलिंग सॉफ्टवेअर मात्र कोट्यवधींचे. हे विचित्र दिसते, पण जे मोजता येत नाही ते न लिहिणे हे मोघम लिहिण्यापेक्षा बरे.

आयकराचा हिशेब पुन्हा वेगळा. १९६१ च्या कायद्याखाली संगणक आणि संगणक सॉफ्टवेअर यांवर ४० टक्के घसारा मिळत आला. आकारणी वर्ष २०१८-१९ च्या आधी तो ६० टक्के होता. फ्रँचायझीसारख्या व्यावसायिक हक्कांवर २५ टक्के. वरच्या उदाहरणातल्या ३ कोटींवर वापराच्या पहिल्या पूर्ण वर्षी कराच्या हिशेबात १ कोटी २० लाख वजा होतील, हिशेबाच्या वहीत ६० लाखच. हा ६० लाखांचा फरक पुढे उलटणार असल्याने २५.१६८ टक्के दराने सुमारे १५ लाख १० हजारांचे स्थगित करदायित्व नोंदवावे लागते. शिवाय सॉफ्टवेअरचा खर्च करासाठी महसुली की भांडवली, यावरही बरीच वर्षे वाद झाले. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या दिल्लीतील विशेष पीठाने अ‍ॅमवे इंडियाच्या प्रकरणात २००८ मध्ये मालकी, टिकाऊ लाभ आणि व्यवसायातले कार्य अशा कसोट्या सांगितल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये असाही इंडिया सेफ्टी ग्लासच्या प्रकरणात कामकाज सुलभ करणाऱ्या सॉफ्टवेअरचा खर्च महसुली मानला. वहीत भांडवली म्हणून लिहिले म्हणजे करातही तसेच धरले जाईल असे नाही, हे या निर्णयांचे तात्पर्य.

आता साखळीचे दुसरे टोक. श्रीरामपूरच्या केंद्रचालकाच्या वहीत कंपनीचे सॉफ्टवेअर ही मालमत्ता कधीच नसते. त्याच्याकडे लॉगिन आहे, ताबा नाही. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर वापरणे म्हणजे सेवा घेणे, असा खुलासा आंतरराष्ट्रीय मानकांच्या अर्थनिर्णय समितीने २०१९ मध्ये केला, आणि ते आपल्यापुरते जुळवून घेण्याचा खर्चही बहुतांशी खर्ची टाकावा असे २०२१ मध्ये सांगितले. म्हणून दरमहाचे शुल्क हा त्याचा चालू खर्च; त्याने घेतलेले संगणक तेवढे त्याची मालमत्ता. या शुल्कावर आणि रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी लागतो. स्वतः १८ टक्के कर लावून सेवा देणाऱ्या नोंदणीकृत केंद्रचालकाला तो वजा मिळतो. पण नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के दराने कर भरणाऱ्या उपाहारगृहांना ही वजावट मिळत नाही, आणि कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यालाही नाही. चहा-नाश्त्याची फ्रँचायझी घेणाऱ्याने १०,००० रुपये तंत्रज्ञान शुल्क ऐकले तर मनात ११,८०० धरावेत.

अमेरिकेत संघीय व्यापार आयोगाचा फ्रँचायझी नियम आहे. करारापूर्वी द्यायच्या माहितीपत्रकात सगळी शुल्के आणि केंद्रचालकाला घ्यावी लागणारी संगणक प्रणाली, तिच्या खर्चासकट, लिहून द्यावी लागते. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदाच नाही. जे करारात लिहिले तेच खरे. म्हणून फ्रँचायझी घेणाऱ्याने सही करण्याआधी चार गोष्टी कंपनीकडून लेखी मागाव्यात : तंत्रज्ञान शुल्क किती आणि ते वाढवण्याला मर्यादा काय, नवी प्रणाली आणली तर तिच्या घडणीचा भार केंद्रावर पडणार का, केंद्राच्या ग्राहकांची आणि विक्रीची माहिती करार संपल्यावर कोणाची, आणि सॉफ्टवेअर बंद पडलेल्या दिवसांचे शुल्क माफ होणार का. कंपनी मोठी असेल तर तिचा वार्षिक अहवाल काढून विकसनाधीन अमूर्त मालमत्तेचा तक्ता गावातल्या सीएकडून वाचून घ्यावा. त्याला अर्धा तास पुरतो.